मापटं माझं, चिपटं मालनचं

"वैनी, वर या की... मालन बोलत न्हाय."

दिवाळी होऊन थोडेच दिवस झाले होते. सकाळची वेळ. मी खाली आमच्या स्वयंपाकघरात खुर्चीवर बसून मेथी निवडत होते आणि भावजींची, म्हणजे माझ्या धाकट्या दिरांची, हाक जिन्यावरून आली. मालन त्यांची बायको, माझी जाऊ. शाहूपुरीतल्या आमच्या घरात ती वरच्या मजल्यावर आणि मी खाली, असा आम्हा दोघींचा संसार झाला. मी उठले, जिन्यापाशी गेले, कठडा धरला, पहिल्या पायरीवर पाय ठेवला आणि गुडघ्यातून अशी कळ आली की तिथंच उभी राहिले. आमचे हे मला ओलांडून वर गेले. समोरच्या शमाभाभी शिलाईचं काम तसंच टाकून धावत आल्या, त्या वर गेल्या. डॉक्टर वर गेले. जो येईल तो वर जात होता आणि मी वाटेत अंग चोरून उभी होते. तेवढं अंग चोरणंही माझ्यासारखीला जमत नाही. मालनच्या मेंदूतली शीर फुटली होती. मी तिला पाहिलं ते तिला खाली आणल्यावर, सगळ्यांच्या शेवटी.

त्या दिवशी दारात जी गर्दी झाली ती बघून माझ्या मनात काय आलं ते सांगते, कारण गोड गोड लिहायचं असतं तर मी हा लेख लिहायला घेतलाच नसता. मला तिचा हेवा वाटला. रंकाळ्यावर सकाळी तिच्याबरोबर चालणाऱ्या बायका आल्या होत्या, पायात बूट, डोळ्याला पदर, आणि प्रत्येकीच्या तोंडी 'आमच्या मालनताई'. ही यांची कधी झाली? कुणी सांगत होती, मालनताईंनी हात धरून चालायला नेलं म्हणून माझं वजन उतरलं. कुणी म्हणत होती, माझी साखर आटोक्यात आली ती त्यांच्यामुळं. मी घरची, नात्यानं थोरली, आणि मला सांगण्यासारखं यातलं काहीच नव्हतं. तेवढ्यात आमच्या नात्यातल्या एक बाई शेजारणीच्या कानाशी लागून म्हणाल्या की एवढं चालली, एवढं मोजून खाल्लं, शेवटी उपयोग काय झाला? खोटं कशाला बोलू, ते ऐकून क्षणभर मला बरं वाटलं. आणि दुसऱ्याच क्षणी त्या बाईंचा एवढा राग आला की त्या उठून जाईपर्यंत मी त्यांच्यापुढं पाण्याचा तांब्यासुद्धा सरकवला नाही.

वाचकांपैकी काहींना माझं नाव या पुरवणीतल्या पाककृतींमुळं आठवत असेल. पांढरा रस्सा, खर्डा, दिवाळीची चकली असं बरंच मी लिहिलं. लोक मला रस्त्यात थांबवून सांगायचे की तुमच्या मापानं केलं आणि जमलं. त्या मापाचा मला फार अभिमान होता, आणि मालनची आठवण सांगायची तर सुरुवात त्या मापापासूनच करावी लागेल.

मालन आजऱ्याची. ती लग्न होऊन आली तेव्हा तिच्याबरोबर तिच्या माहेरचा घनसाळ तांदूळ आला आणि तिचं हसणं आलं. दोन्हींचा वास आणि आवाज घरभर. आमच्या सासूबाई, त्यांना आम्ही आत्याबाई म्हणत असू, माझ्याशी कामापुरतं बोलायच्या आणि मालनशी कामाशिवायही बोलायच्या. माझ्या हाताला चव होती, सगळे तसं म्हणायचे, पण जेवताना पंगतीतली माणसं मालनकडं बघून हसायची. तेव्हापासून माझ्या पोटात दुखायला लागलं ते अजून थांबलेलं नाही.

घर मोठं होतं. सासरे, दोघे भाऊ, आमची सगळ्यांची पोरं, शेतीच्या पंपांचे सुटे भाग विकायचं आमचं दुकान, त्यातले कामगार दुपारी घरीच जेवायचे, शिवाय गावाकडनं कोर्टाला नाहीतर दवाखान्याला आलेलं कुणी ना कुणी पाहुणं असायचंच. आत्याबाई रोज सकाळी पिंपातून पितळेच्या मापट्यानं तांदूळ काढायच्या. मापट्याच्या निम्मं चिपटं, चिपट्याच्या निम्मं कोळवं. ही तिन्ही मापं एकात एक बसायची. त्यांचा एक नियम होता. माप सपाट भरायचं नाही, वर शीग आलीच पाहिजे. तांदळाचा असा टोकदार ढीग मापट्यावर उभा राहिला की त्या डोळ्याला लावायच्या आणि मगच सुपात ओतायच्या. सपाट माप बघितलं तर त्यांना घरात काहीतरी कमी असल्यासारखं वाटायचं. पुढं दोन्ही भावांच्या चुली वेगळ्या झाल्या तेव्हा आत्याबाईंनी भांड्यांची वाटणी केली. मापटं त्यांनी माझ्या हातात दिलं, थोरलीचा मान म्हणून. चिपटं आणि कोळवं मालनला. मालन मापट्याकडं बघत राहिली. मी ते पदराखाली धरून खाली आले आणि त्या दिवशी मला भूक लागली नाही, एवढं पोट भरलं होतं.

आता मागं बघताना कळतं की आमच्या अंगावर मांस चढलं ते हावरटपणानं नाही. लठ्ठ बाई दिसली की लोकांना वाटतं, ही दिवसभर चरत असणार. आत्याबाई आमच्यापेक्षा जास्त जेवायच्या. भाकरीवर लोण्याचा गोळा, रात्री म्हशीचं दूध, रविवारी मटण, आणि शेवटपर्यंत सडसडीत. पण त्या पंचगंगेवर धुणं घेऊन जायच्या, पाटा वरवंटा करायच्या, पाणी भरायच्या, बाजार डोक्यावर आणायच्या. आमच्या काळात एकेक काम घरातून उठून गेलं. गॅस आला, मिक्सर आला, धुण्याचं मशीन आलं, भाजी दारात आली, दुकानात जायचं तरी स्कूटर. कामं गेली आणि मापटं तिथंच राहिलं, शिगेसकट. दुकान बंद करून माणसं यायची उशिरा, त्यांचं झालं की आम्ही बसायचो, तोवर मालिका बघत फरसाणाचा डबा मांडीवर. आणि सगळ्यांचं जेवून झाल्यावर पातेल्यात जे उरायचं ते संपवायचं काम बायकांचं. अन्न टाकायचं नाही, हे आम्हाला लहानपणापासून शिकवलेलं. पोरांच्या ताटातला अर्धा लाडू, भाताची खरवड, तळाला राहिलेला तांबडा रस्सा... आम्ही उभ्याउभ्या खायचो आणि त्याला जेवण म्हणायचो नाही.

आधी मालन सुटली. मी तेव्हा बारीक नसले तरी सुटसुटीत होते, आणि मला याचं समाधान होतं की एका तरी बाबतीत मी तिच्या पुढं आहे. ती वर चालायला लागली की खाली माझ्या स्वयंपाकघराच्या छताचा पोपडा पडायचा. आवाजावरून मला कळायचं, आता ती ओट्यापाशी आहे, आता देवाजवळ, आता गॅलरीत. गल्लीतली पोरं तिला मागून 'टाकी' म्हणायची. तीही हसायची. तिचं हसणं तेवढं कमी झालं नव्हतं आणि तेच मला खुपायचं.

मग एका गुरुवारी आम्ही सगळे नृसिंहवाडीला गेलो. दर्शन झालं, आणि मालन पाय धुवायला घाटाच्या पायऱ्या उतरून नदीपाशी गेली. उतरली, पण तिला वर येता येईना. दोन पायऱ्या चढली की धाप लागायची, बसायची. शेवटी भावजी आणि एक अनोळखी माणूस यांनी तिला दोन्ही दंडांना धरून ओढत वर आणलं. घाटावरचे लोक बघत होते, एकजण हसलाही. मी वर उभी राहून तिच्या चपला सांभाळत होते. कवठाची बर्फी घेतली होती ती मालननं परतीच्या वाटेवर उघडली नाही. मला वाटलं, चार दिवसांत विसरेल.

ती विसरली नाही. आधी तिनं सगळे चुकीचे उद्योग केले. लिंबू-मध झालं, कुणाच्यातरी ओळखीनं आणलेली डब्यातली पूड झाली, पोटाला बांधायचा पट्टा झाला, नुसत्या काकडीवर राहणं झालं. थोडं उतरायचं, परत दुप्पट चढायचं. मी खालून मजा बघत होते. एके दुपारी मी वर गेले, तेव्हा मला जिना चढता यायचा, तर ती ओट्यापाशी उभी होती, हातात भाताचं पातेलं, आणि त्यात तशीच बघत होती. मी विचारलं काय झालं. तर म्हणाली, "आक्का, मी भुकेनं खात न्हाय ओ. पातेलं रिकामं व्हावं म्हनून खातो." आमच्याकडच्या बायका स्वतःबद्दल बोलतानाही 'खातो, जातो' म्हणतात, पुरवणीच्या बाहेरगावच्या वाचकांनी गैरसमज करून घेऊ नये. मी म्हटलं, मग काय टाकून देणार काय? ती म्हणाली, "न्हाय. उरंल एवढं करायचंच न्हाय."

एवढी साधी गोष्ट, पण आमच्या घरात ती कुणी बोलली नव्हती. पोरं शिकायला, नोकरीला बाहेर गेलेली, कामगार आता डबे आणायचे, पाहुणे जेवायला हॉटेलात जायचे, आणि आम्ही दोघी दोन मजल्यांवर जुन्या पंगतीचा स्वयंपाक करत होतो. मालननं चिपट्यावरची शीग तळहातानं पाडायला सुरुवात केली. मग तिनं दुसरं धाडस केलं. दिवेलागणीला स्वतःचं ताट वाढून घेऊन बसायला लागली, नवरा दुकानातून यायच्या आधी. आत्याबाई तेव्हा नव्हत्या म्हणून बरं, नाहीतर घर डोक्यावर घेतलं असतं. भावजींना आधी विचित्र वाटलं, मग तेही लवकर यायला लागले. मटण तिनं सोडलं नाही. रविवारी पांढरा रस्सा वाटीभर प्यायची, मटण खायची, भाकरी एकच, आणि भात त्या दिवशी नाही. मी वाट बघत बसले होते की ही कधी मोडते. दिवाळीत तिच्या ताटात मी मुद्दाम करंज्यांचा ढीग घातला. तिनं एक करंजी उचलली, मोडली, अर्धी खाल्ली आणि बाकीचं ताट सगळ्यांदेखत माझ्याकडं परत सरकवलं. करंजी फार चांगली झालीय, असंही म्हणाली. माझा तिळपापड झाला. आग्रहाला नाही म्हणणं हा आमच्या कोल्हापुरात अपमान असतो आणि तिनं तो असा केला की मला रागावताही येईना.

चालणं नंतर आलं. सुरुवातीला गल्लीच्या टोकापर्यंत, मग भाजी मंडईपर्यंत पिशवी घेऊन, मग रंकाळा. साडीवर पांढरे बूट घालून निघाली की शमाभाभींच्या दुकानातल्या बायका माना वळवून बघायच्या. काही महिने काहीच फरक दिसला नाही आणि मी निवांत होते. मग हळूहळू एक गोष्ट माझ्या लक्षात आली. मला वरून तिचे पाय ऐकू येईनात. मी पोळ्या लाटताना थांबून कान द्यायची. ती ओट्यापाशी आहे की देवाजवळ, कळायचं नाही. छताचा पोपडा पडायचा थांबला. एवढा मोठा बदल तिच्यात झाला आणि तो मला सगळ्यांत आधी कळला, अन् तो कुणाला सांगायची मला इच्छा झाली नाही.

त्याच काळात मी सुटत चालले होते. कसं ते मला खरंच कळलं नाही. लेक बेळगावला, मुलगा पुण्याला, घरात आम्ही दोघंच. मी पाककृती लिहायची, करून बघायची, चाखायची, उरलेलं संपवायची. एकदा शमाभाभींकडं आम्ही दोघी एकाच वेळी ब्लाउज घेऊन गेलो. त्यांनी मालनचा ब्लाउज दोन्ही बाजूंनी आत घ्यायला खडूनं खुणा केल्या आणि माझा हातात घेऊन शिवण उलटी करून बघितली. "आक्का, ह्याच्यात उसवायला कापड राहिलं न्हाय. आता नवाच शिवा." त्यांच्या बोलण्यात काही वाकडं नव्हतं. पण मालन माझ्याकडं न बघता बाहेर रस्त्याकडं बघत राहिली, आणि तिनं तसं मला सांभाळून घेतलं याचा मला जास्त राग आला. त्यापेक्षा ती हसली असती तर बरं झालं असतं.

पुढं माझे गुडघे गेले. डॉक्टरांनी सांगितलं, ऑपरेशन करता येईल, पण आधी वजन उतरवा, या वजनावर नवीन सांधाही टिकायचा नाही. जिना मला बंद झाला. मालनचं घर डोक्यावर आणि मी तिथं जाऊ शकत नाही, अशी वर्षं गेली. रोज संध्याकाळी तीच खाली यायची, माझ्याशेजारी बसायची, खुर्चीत नाही, जमिनीवर मांडी घालून. उठताना हात न टेकता उठायची. प्रत्येक वेळी 'चला की आक्का, दारापर्यंत तरी' म्हणायची आणि प्रत्येक वेळी मी गुडघा दाखवायची. मला जायचं नव्हतं असं नाही. मला तिच्याबरोबर, तिच्या मागून, तिच्या पावलांनी जायचं नव्हतं.

आणि एके दिवशी ती चिपटं घेऊन आली. चिंचेनं घासून लख्ख केलेलं. माझ्यासमोर ठेवून म्हणाली, "आक्का, अदलाबदल करूया काय? तुमचं मापटं मला द्या, हे तुम्ही घ्या." मला वाटलं, आलं शेवटी मनातलं ओठावर. वाटणीच्या दिवसापासून हिचा डोळा मापट्यावर होता. बारीक झाली, रंकाळ्यावर नाव केलं, माझ्या नवऱ्यापासून शमाभाभींपर्यंत सगळे हिचं कौतुक करतात, आता थोरलीचा मान तेवढा राहिला होता. मी म्हटलं, ते आत्याबाईंनी मला दिलंय. ती म्हणाली, "व्हय, म्हनून तर मागतोय." मी पिंपाचं झाकण लावलं आणि त्यावर हात ठेवून बसले. तिनं परत कधी तो विषय काढला नाही. चिपटं पदरात घेऊन जिना चढून गेली, आवाज न करता.

उपयोग काय झाला, असं त्या बाईंनी विचारलं होतं ना... तर सांगते. ती परत नृसिंहवाडीला गेली आणि घाटाच्या पायऱ्या उतरून, नदीत पाय सोडून बसून, कुणाचा हात न धरता वर आली. नातवाला कडेवर घेऊन ज्योतिबा चढली. साखर वाढली होती ती आटोक्यात आणली. शिरेचं कुणाच्या हातात नसतं, डॉक्टरही तेच म्हणाले. पण त्या सकाळपर्यंत ती तिला पाहिजे तिथं स्वतःच्या पायांनी गेली. मी जिवंत आहे आणि माझ्याच घराच्या जिन्याखाली उभी होते. मग हेवा कुणी कुणाचा करायचा?

ती गेल्यावर भावजी वर एकटेच. दोन्ही वेळचं जेवण मी खालून पाठवते. पहिल्या दिवसापासून डबा निम्मा परत येतोय. मी विचारलं, चव बिघडली काय? तर म्हणाले, "वैनी, चव हाय की. पर एवढं जात न्हाय आता. तिनं सवयच मोडली." मी परत आलेला भात पुसून खाल्ला आणि खाताना मनात म्हटलं, बघ मालन, अजून तुझंच ऐकतात.

गेल्या आठवड्यात आजऱ्याहून तिच्या भावानं नेहमीसारखा घनसाळ पाठवला. बहीण गेली तरी पोतं आलं. भावजी जिन्यात उभे राहून विचारत होते की हा पिंपात कसा भरायचा, ती काहीतरी पाला घालायची, कसला ते आठवत नाही. मग स्वतःच म्हणाले, जाऊ दे, तुम्हाला जिना जमायचा नाही, मी शमाभाभींना बोलावतो, त्यांना तिचं सगळं ठाऊक आहे.

मालनच्या पिंपात शमाभाभी हात घालणार? शमाभाभी चांगल्याच आहेत, माझं त्यांच्याशी काही वाकडं नाही. पण ते ऐकून माझ्या अंगाची आग झाली. आजऱ्याचा तांदूळ या घरात आला तेव्हापासून त्याला कडुलिंबाचा पाला मी घालत आलेय, मालनला शिकवलं कुणी? मी म्हटलं, कुणाला बोलावू नका, मी येते. पायऱ्या चढता येईनात म्हणून मी पायरीवर पाठमोरी बसले आणि बसत बसत, हातांनी अंग वर ओढत, एकेक पायरी चढले. मध्ये दम लागला, घामानं पाठ भिजली. भावजींनी हात पुढं केला, तो मी धरला नाही. नृसिंहवाडीच्या घाटावर मालनला ओढताना मी पाहिलं होतं.

तिचं स्वयंपाकघर मी इतक्या वर्षांनी पाहिलं. ताटाळ्यात लहान ताटल्या, आमच्याकडं पोरांना वाढायच्या तेवढ्या. फरसाणाचा डबा कुठं दिसला नाही. दाराशी तिचे पांढरे बूट, नाडी बांधून ठेवलेले. खिडकीतून ऊन पिंपावर आलं होतं. मी झाकण काढलं. तळाला थोडा जुना तांदूळ आणि त्यात रुतून बसलेलं माप. मी ते चिपटं समजून उचललं, तर हातात आलं ते कोळवं. चिपट्याच्याही निम्मं. दोन माणसांना एवढं पुरत होतं तर...

चिपटं कुठं आहे म्हणून मी इकडंतिकडं बघितलं. ते फळीवर होतं, उपडं घातलेलं, लख्ख. रोज वापरातलं भांडं असं चमकत नाही. मी भावजींना विचारलं, हे इथं का ठेवलंय? ते पोत्याची शिवण उसवत होते. मान वर न करता म्हणाले, "ते तुमचं हाय की. दर सणाला घासून ठेवायची. म्हनायची, आक्का कवातरी मागतील." मग दोरा ओढून काढत म्हणाले, "मापटं तिला कशाला पायजे हुतं वैनी? ते तिला तुमच्या पिंपातनं काढायचं हुतं."

मी पिंपाच्या काठाला धरून उभी राहिले. एवढं कळत होतं तर तोंडानं का नाही बोलली? बोलली असती तर मी दिलं असतं काय? नसतं दिलं. तेही तिला ठाऊक होतं, म्हणजे माझ्या स्वभावाचं मापसुद्धा तिनं घेऊन ठेवलं होतं. मला रडू आलं आणि राग आला, दोन्ही एकदम. मी नवा तांदूळ भरला, थरावर थर कडुलिंबाचा पाला घातला आणि कोळवं होतं तसं वर ठेवून झाकण लावलं. चिपटं पदरात बांधलं. उतरताना बसूनच उतरले.

मापटं आता देवघराच्या फळीवर आहे, आत्याबाईंच्या फोटोशेजारी. मान तिथंच बरा. परवापासून मी दारापर्यंत जाते, शमाभाभींच्या दुकानापर्यंत जाऊन टेकते, परत येते. वजन उतरेल तेव्हा उतरेल. ऑपरेशनचं डॉक्टरांना अजून काही विचारलेलं नाही. आज सकाळी भात लावायला मी पिंप उघडलं, चिपटं तांदळात घातलं आणि वर काढलं. इतक्या वर्षांचा हात, शीग आपोआप आली. मी बघत राहिले... मग तळहात फिरवून ती पाडली आणि सवयीनं छताकडं बघितलं. वर कसलाच आवाज नव्हता. वर पिंपात कोळवं होतं. मी एवढं करून चिपट्यापर्यंत पोचले, आणि ही बया मरूनसुद्धा माझ्या निम्म्यावर.